डीजे स्क्रू: गाणं नुसतं हळू केल्यानं तो आवाज का येत नाही?

प्रश्न विचारणारा मित्र इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फावल्या वेळात गाण्यांची 'स्लोड रिव्हर्ब' व्हर्जन (गाणं हळू करून त्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या हॉलसारखा घुमारा, लावलेलं) बनवून यूट्यूबवर टाकतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूच्या टेप ऐकल्या आणि वेड लागलं. त्यानं गाणी हळू केली, मीही लॅपटॉपवर वेग ८० टक्क्यांवर आणतो, वर रिव्हर्ब लावतो, तरी माझं गाणं गढूळ का वाटतं? दुसरं म्हणजे, मित्र सांगतात की कफ सिरप घेतल्याशिवाय तो आवाज करताही येत नाही आणि कळतही नाही. यात तथ्य किती?

मी पुण्यात मिक्सिंग-मास्टरिंग करतो आणि त्याआधी बरीच वर्षं डीजे होतो, तेही टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्डच्या तबकड्या वाजवायच्या मशिनवर. त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर बोलू शकतो. पण तू अडकलायस ते सेटिंगपाशी नाही. स्क्रूचं काम म्हणजे गाणी हळू करणं, असं तू धरून चाललायस आणि घोळ तिथेच आहे. हळू करणं हा त्याच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. ह्यूस्टनमध्ये त्याच्या आधी डॅरिल स्कॉट नावाचा डीजे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाच्या रेकॉर्ड ३३वर लावून मंद वाजवायचाच. तिकडे मेक्सिकोत माँतेरेच्या एका साउंडवाल्याच्या मशिनची मोटर बिघडून मंदावली, लोकांना तसाच कुंबिया (तिकडचं नाचाचं संगीत) आवडला आणि त्याची वेगळी शैलीच झाली. हळू संगीत बऱ्याच जणांना सापडलं. पण मेल्यावर पंचवीस वर्षांनीही पोरं ज्याच्या टेप शोधत फिरतात, असा माणूस त्यात एकच निघाला. तेव्हा बाकी त्यानं काय केलं, ते बघू.

आधी माणूस. खरं नाव रॉबर्ट अर्ल डेव्हिस ज्युनिअर. जन्म २० जुलै १९७१, टेक्सासमधल्या बॅस्ट्रॉपचा. लहानपण जवळच्या स्मिथव्हिल या छोट्या गावात गेलं. वडील ट्रक ड्रायव्हर. आईकडे रेकॉर्ड होत्या, पोराचा हात त्यांच्यावर बसला. न आवडलेल्या रेकॉर्डवर तो स्क्रूनं ओरखडे ओढायचा, ते बघून नात्यातल्या भावानं त्याचं नाव 'डीजे स्क्रू' ठेवलं, असं सांगतात. (अशा माणसाला रेकॉर्ड उसनी देऊ नये.) पुढे तो ह्यूस्टनच्या दक्षिण भागात आला, शाळा अर्धवट सोडली, वाजवायला लागला. १९९०च्या आसपास त्याच्या घरी बनणाऱ्या टेपचा वेग उतरला.

त्या वेळचं ह्यूस्टन डोळ्यासमोर आण. अमेरिकन हिप हॉप म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस, मधल्या दक्षिणेला कोणी विचारत नव्हतं. तसा ह्यूस्टनचा गेटो बॉइज हा रॅप ग्रुप होता, त्यातला स्कारफेस पुढे फार मोठा झाला, आणि पोर्ट आर्थरहून यूजीके ही जोडी आली. पण बाहेरच्या जगाच्या लेखी ही मंडळी अपवाद. शहर सपाट, उष्ण, दमट आणि अवाढव्य पसरलेलं. गाडीशिवाय पान हलत नाही. दक्षिण भागातली पोरं जुन्या कॅडिलॅक चकचकीत रंगवायची, चाकांतून बाहेर आलेल्या तारांच्या रिम लावायची, डिकीत मोठे स्पीकर भरायची आणि रस्त्यावरून मुद्दाम अगदी संथ जायची. स्क्रूच्या टेप ऐकल्या गेल्या त्या इथे. तू त्याच टेप मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असशील तर त्यातला निम्मा माल तुझ्यापर्यंत पोचतच नाहीये.

आता तंत्र. इथे जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते खरी गंमत इथे आहे.

टेक्निक्स १२०० या टर्नटेबलचा पिच स्लायडर (वेग कमी-जास्त करायचा सरकता खटका) वर-खाली ८ टक्केच जातो. ८ टक्के म्हणजे पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून जेमतेम दीड पट्टी खाली. स्क्रूच्या टेप त्याहून कितीतरी खाली आहेत, कारण उरलेली उतरण तो टेपवर करायचा. आधी अख्खं सेशन रेकॉर्ड करायचं, मग ते दुसऱ्या कॅसेटवर उतरवताना मशिनचा वेग कमी करायचा. याचा परिणाम काय होतो बघ. माइकवरचं बोलणं, मित्रांचं रॅप, कटिंग, हशा, सगळं एका दमात मंद होतं. गाणं मंद आणि त्यावर बोलणारा नॉर्मल, असं कुठे ऐकू येत नाही. सगळी खोलीच्या खोली खाली उतरते. तुझ्या व्हिडिओत तू हळू केलेल्या गाण्यावर चॅनेलचं नाव नेहमीच्या आवाजात बोलतोस ना, तिथे जादू जाते.

दुसरा भाग कटिंगचा, त्याला तिकडे 'चॉप' म्हणतात. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर. दुसरी प्रत पहिलीच्या एक ठोका मागे धरायची. मग क्रॉसफेडर (आवाज एका टर्नटेबलवरून दुसऱ्यावर नेणारा सरकता खटका) झटकन पलीकडे टाकला की नुकताच गेलेला शब्द परत येतो, आणि लगेच फेडर अलीकडे आणला की गाणं जसं काही झालंच नाही असं पुढे चालू. मूळ गाणं मिनिटाला ९० ठोक्यांचं असेल तर एक ठोका ०.६७ सेकंदाचा. एवढ्यात हात न्यायचा आणि आणायचा, तोही रॅपरनं शब्द पुरा केल्यावर, शब्द तोडून नाही. नंतर टेपवर वेग ८० टक्क्यांवर आला की तोच ठोका ०.८३ सेकंदाचा होतो आणि टेम्पो ७२. ऐकणाऱ्याला वाटतं, किती निवांत चाललंय. वाजवणाऱ्याचे हात निवांत नसतात.

मी स्वतः रेकॉर्डवर हे करायला बसायचो तेव्हा ठोका मागे धरणं सरावानं जमलं. अवघड गेलं ते कोणता शब्द परत आणायचा हे ठरवणं. कुठेही चॉप मारला तर रेकॉर्ड अडकल्यासारखी वाटते. स्क्रूनं एका मुलाखतीत याबद्दल सांगितलेलं आहे, साधारण असं: वेग कमी केला की रॅपर काय म्हणतोय ते कळतं, आणि मिक्स करताना काही महत्त्वाचं कानावर आलं की मी ते दोन-तीनदा मागे नेतो, म्हणजे तुम्ही जागे होऊन ऐकाल. हे वाचून त्याच्या टेप पुन्हा ऐक. ज्या ओळीवर हात पडतो ती ओळ बहुधा पैशाची, तुरुंगाची, गेलेल्या मित्राची असते. स्वतः फारसं न बोलता तो दुसऱ्याच्या गाण्याखाली रेघा ओढतोय.

तिसरी गोष्ट लॅपटॉपवर मिळणार नाही: माणसं. स्क्रूकडे सुरुवातीला लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे, माझ्यासाठी टेप बनव म्हणायचे. मग त्याच्या घरच्या खोलीत मित्र जमायला लागले, माइक हातोहात फिरायला लागला, आणि त्या पोरांचं नाव पडलं स्क्रूड अप क्लिक. फॅट पॅट, त्याचा भाऊ बिग हॉक, लिल कीकी, बिग मो, बिग पोकी, ई.एस.जी., पुढे झी-रो, लिल फ्लिप. यातल्या बऱ्याच जणांचा आवाज लोकांनी पहिल्यांदा ऐकला तो स्क्रूच्या टेपवर. पुढे ज्याच्या मृत्यूनं अख्खी अमेरिका रस्त्यावर आली तो जॉर्ज फ्लॉइडही 'बिग फ्लॉइड' नावानं या टेपवर रॅप करून गेलाय.

एकच टेप ऐकायची असेल तर १९९६ची 'जून २७' ऐक. डीमो नावाच्या मित्राचा वाढदिवस, खोलीत टोळकं, खाली क्रिस क्रॉसच्या एका गाण्याचा बीट, आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ एकेक जण माइक घेतोय. लिहून आणलेलं काही नाही. कोणी अडखळतो, कोणी दुसऱ्याची ओळ उचलून पुढे नेतो. बिग मो येतो तेव्हा तो रॅप कमी आणि गातो जास्त, आणि एकदम सगळ्या खोलीचा सूर बदलतो. मित्राच्या वाढदिवसाची ही कॅसेट, पण ह्यूस्टनमध्ये लोक आजही ती तारीख पाळतात. तुला या टेपमध्ये नुसता मंद वेग ऐकू आला असेल, तर हेडफोन लावून शांतपणे परत ऐक.

धंद्याबद्दल थोडं, कारण तू 'त्यानं व्ह्यूज कसे मिळवले असते' असंही गमतीनं लिहिलंयस. टेप साधारण १० डॉलरला, घरूनच विकायचा. करड्या रंगाच्या कॅसेट, वर हातानं लिहिलेली नावं. संध्याकाळी ठरावीक वेळात फाटक उघडायचं आणि बाहेर गाड्यांची रांग लागायची. एका काळ्या तरुणाच्या घरासमोर रोज इतक्या गाड्या म्हटल्यावर पोलिसांना ड्रग्जचा संशय येणारच, तसा तो आला. घरात निघायच्या त्या कॅसेट. १९९८मध्ये त्यानं दक्षिण ह्यूस्टनच्या कलन बुलेव्हार्डवर 'स्क्रूड अप रेकॉर्ड्स अँड टेप्स' हे दुकान टाकलं. बिगटाइम रेकॉर्ड्झ या स्थानिक लेबलवर त्याचे अल्बम आले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, पण त्याचं खरं काम टेपवरच राहिलं. पुढे त्या टेप क्रमवार सीडीवर निघाल्या, तीनशेहून अधिक भाग भरले. दहा वर्षांत एका माणसाच्या हातून, तेही रिअल टाइममध्ये. शंभर मिनिटांची टेप बनवायला किमान शंभर मिनिटं लागतातच, 'एक्सपोर्ट' दाबून चहाला जाता येत नाही.

आता सिरप. यावर मी आडपडदा ठेवत नाही.

कोडीन आणि प्रोमेथाझिन असलेलं खोकल्याचं औषध सोड्यात घालून पिणं ह्यूस्टनमध्ये चालायचं, स्क्रूही प्यायचा, त्याच्या टेपवर त्याचे उल्लेख ढिगानं आहेत. त्यामुळे बाहेरच्यांनी सोपं गणित मांडलं: औषधानं माणूस मंद होतो, म्हणून संगीत मंद. स्क्रूनं स्वतः हे नाकारलं होतं, ऐकायला नशा लागत नाही असं तो सांगायचा. त्याचा शब्द बाजूला ठेवला तरी मला कामाच्या बाजूनं हे गणित पटत नाही. वर सांगितलेला ०.६७ सेकंदाचा हिशेब आठव. डोळे मिटत असलेल्या माणसाच्या हातून तो फेडर वेळेवर पडत नाही. या टेप उभ्या राहिल्या त्या रात्र रात्र बसून केलेल्या सरावावर आणि कानावर. सिरपनं त्याला काय दिलं ते मी सांगू शकत नाही, काय नेलं ते नोंदलेलं आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो त्याच्या स्टुडिओच्या बाथरूममध्ये मृत सापडला. वय २९. कारण: कोडीनचा ओव्हरडोस, सोबत इतर अमली पदार्थ. २००७मध्ये यूजीकेचा पिंप सी गेला, त्याच्याही मृत्यूच्या कारणांत याच औषधाचं नाव आहे.

कोडीन मेंदूतली श्वासाची यंत्रणा मंदावतं, प्रोमेथाझिन गुंगी वाढवतं, वर दारू असली की झोपेत श्वास थांबतो. आपल्याकडेही कोडीनचं सिरप डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, ते याचसाठी. 'सिरपशिवाय कळत नाही' म्हणणाऱ्या मित्राला एवढंच विचार, जून २७च्या टेपवर तिसऱ्या नंबरला कोण येतो? ज्याला संगीत कळलंय त्याला ते आठवेल. आणि तो मित्र स्वतःच घेत असेल तर विषय संगीताचा राहिला नाही, त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. लेक्चर देऊ नकोस, सोबत जा.

त्या खोलीतल्या पोरांचं पुढे काय झालं, तेही तुला माहीत असावं. फॅट पॅटला फेब्रुवारी १९९८मध्ये गोळी घातली, त्याचा पहिला अल्बम त्यानंतर आला. त्याचा भाऊ हॉक २००६मध्ये तसाच गेला. बिग मो २००७मध्ये, बिग पोकी २०२३मध्ये. म्हणून त्या टेप ह्यूस्टनवाल्यांना कुटुंबाच्या अल्बमसारख्या वाटतात. दरम्यान शहराच्या उत्तर भागात मायकल वॉट्स हा डीजे आणि त्याच्या स्विशाहाउस लेबलनं हाच ढंग उचलला, तिथली स्लिम थग, माइक जोन्स, पॉल वॉल ही मंडळी २००५च्या सुमारास देशभर गाजली. मोठ्या लेबलांनी आपल्याच अल्बमच्या 'चॉप्ड अँड स्क्रूड', म्हणजे स्क्रूच्या ढंगात कापलेल्या आणि मंद केलेल्या, आवृत्त्या अधिकृतपणे काढल्या. २०१६च्या 'मूनलाइट' चित्रपटासाठी संगीतकार निकोलस ब्रिटेलनं व्हायोलिन-चेलोच्या रेकॉर्डिंगवर हेच तंत्र वापरलं. स्क्रूच्या संग्रहातल्या रेकॉर्ड आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्यात. कटिंग करून, हाताळून झिजलेल्या रेकॉर्ड विद्यापीठानं जपाव्यात, हे मला त्याच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

आता तुझ्या गढूळपणाकडे येऊ. कशावर काय करायचं ते गाण्यावर, स्पीकरवर आणि तुझ्या हेतूवर अवलंबून आहे, एकच आकडा देऊन मोकळा होत नाही. पण तुझ्या वर्णनावरून तीन जागी गडबड दिसते.

पहिली म्हणजे सोर्स. यूट्यूबवरून उतरवलेल्या फाइलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी साधारण १६ किलोहर्ट्झला कापलेल्या असतात. वेग ८० टक्के केलास की ती कड १२.८वर येते, म्हणजे वरची हवाच गेली. त्याच हिशेबानं ५० हर्ट्झचा किक (ड्रमचा खालचा ठोका) ४०वर उतरतो, तो लॅपटॉपवर ऐकूच येत नाही आणि गाडीत सगळं झाकून टाकतो. चांगली सीडी किंवा लॉसलेस (आवाज न कापलेली) फाइल घे.

दुसरी गडबड सॉफ्टवेअरची. बरेच जण टेम्पो कमी करतात आणि सूर तोच ठेवतात. मग सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे ताणतं आणि ढोलकी-तबल्याची थाप विस्कटते. टेपसारखा वेग आणि सूर एकत्र उतरव. तसं केल्यावर गाणं कुठल्या पट्टीत जातं ते पेटीवर बघ. काळी चारमधली गायिका ७५ टक्क्यांवर काळी दोनमध्ये येते आणि आवाज पुरुषी वाटायला लागतो. ठुमकेदार लावणीचं यात बहुतेक वेळा वाटोळं होतं, कारण तिची सगळी मजा थापेच्या चपळाईत. संथ, मोकळी जागा असलेलं गाणं तग धरतं. स्क्रूही कुठलंही गाणं उचलत नव्हता, त्याची निवड ऐकलीस तर मूळ गाण्यातच बास आणि बोल यांच्यामध्ये जागा सापडेल.

तिसरी गडबड रिव्हर्बची. स्क्रूच्या टेपवर तू लावतोस तसा रिव्हर्बचा पूर नाहीच, तो नंतरच्या इंटरनेटच्या पिढीचा शौक. लावायचाच तर वेगळ्या सेंडवर (मूळ गाण्यापासून वेगळ्या वाटेवर) लाव आणि त्या सेंडचा २५०-३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाक. किक आणि बास कोरडे राहू दे. बहुतेक गाळ एवढ्यानंच बसतो.

हक्कांचंही बोलायला हवं. स्क्रूच्या टेप परवानगीशिवायच बनत होत्या, त्या काळात घरून विकलेल्या कॅसेटकडे लेबलांनी काणाडोळा केला. तुझ्याकडे यूट्यूब काणाडोळा करणार नाही, हक्काचा दावा नाहीतर स्ट्राइक (हक्कभंगाची ताकीद) येणारच, आणि हळू केलं म्हणून गाणं तुझं होत नाही. म्हणून मी म्हणेन, दुसऱ्यांची हिट गाणी महिनाभर बाजूला ठेव. तुझ्या हॉस्टेलमध्ये रॅप करणारे, किंवा करतो असं समजणारे, चार जण असतीलच. एकाचा वाढदिवस बघ, तुमच्यातल्याच कोणीतरी बनवलेला बीट लाव, एक माइक फिरव, वीस मिनिटं न थांबता रेकॉर्ड कर. सगळं सेशन एकत्र ८२-८५ टक्क्यांवर आण, त्याहून खाली लगेच जाऊ नकोस. मग बसून ऐक आणि फक्त तीन ओळी निवड ज्या परत ऐकवाव्याशा वाटतात. तेवढेच चॉप मार, एक ठोका मागे. झालं की इथे लिंक टाक, ऐकून सांगतो. फक्त एमपीथ्री नको, वेव्ह फाइल पाठव.